पिकअपच्या बेडमध्ये फिफ्थ व्हील हिच बसवायची आहे, जाणकारांनी प्रकाश टाकावा

केटीकर_अभि
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या. आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, मी, बायको आणि दोन मुलं. तंबूवाली कॅम्पिंग खूप झाली, आता पाठ बोलायला लागली आहे म्हणून फिफ्थ व्हील ट्रेलर (ज्याचं नाक पिकअपच्या बेडमधल्या हिचवर, म्हणजे जोडावर बसतं तो) घ्यायचं चाललंय. गाडी आहे रॅम २५००, कमिन्स डिझेल, क्रू कॅब, ६ फूट ४ इंची बेड (मागचा उघडा हौदा). ट्रेलर एक बघून ठेवलाय, ३२ फुटी, रिकामा ८७०० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर (भरून जास्तीत जास्त चालणारं वजन) १०९००. डीलर म्हणतो तुमचा ट्रक १७-१८ हजार आरामात ओढेल, काही बघू नका, फक्त हिच कुठली ते सांगा म्हणजे आम्हीच बसवून देतो. तर प्रश्न असे की हिच कुठली घ्यावी, शॉर्ट बेडला स्लायडर (वळताना ट्रेलर कॅबला लागू नये म्हणून मागे सरकणारी हिच) लागतोच का, आणि हे काम घरी गॅरेजमध्ये जमण्यासारखं आहे का? बेडमध्ये ड्रिल मारायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, अजून हप्ते चालू आहेत.

मीरा_ओहायो
अभि, स्वागत. हिचचं नंतर बघू. आधी एक काम करा, ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पिवळा स्टिकर असेल, त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये असं लिहिलेलं असतं. तो आकडा इथे टाका. आणि ट्रेलरसाठी पैसे भरले असतील तर परत मिळतात का तेही विचारून ठेवा.

रस्त्यावरचा_बाळू
मीराताईंनी पहिल्याच बॉलला विकेट काढली :)
वाचतोय. मलाही दोनेक वर्षांत घ्यायचा आहे.

केटीकर_अभि
मीराताई, २११७ पौंड आहे. पैसे अजून भरलेले नाहीत, नुसतं होल्डवर आहे. पण हा आकडा इतका कमी कसा? पाऊण टनी ट्रक आहे ना हा, डिझेल आहे.

मीरा_ओहायो
डिझेल आहे म्हणूनच कमी आहे. तो कमिन्स भलता जड, त्याचं वजन तुमच्या पेलोडमधूनच (ट्रकने पाठीवर घ्यायच्या वजनातूनच) जातं. तोच ट्रक पेट्रोल इंजिनाचा असता तर स्टिकरवर बराच जास्त आकडा दिसला असता, चढावर धापा टाकल्या असत्या ती गोष्ट वेगळी.

आता हिशोब बघा. फिफ्थ व्हीलचं साधारण २० टक्के वजन ट्रकच्या बेडवर येतं, १५ ते २५ मध्ये कुठेही असू शकतं, पण धरायचं २०. बंपरला लावायच्या ट्रेलरचं हेच १० ते १५ असतं. तुमचा १०९०० चा ट्रेलर भरून समजा १०३०० झाला, म्हणजे किंगपिनवर (ट्रेलरच्या नाकाखालची खुंटी, तीच हिचमध्ये बसते) २०६० पौंड. तुम्ही चौघं मिळून ४७० धरू. नेहमीची स्टीलची हिच २०० च्या आसपास. झाले २७३०. स्टिकर म्हणतो २११७. सहाशे पौंड वर, आणि यात कूलर, सायकली, डिझेलचा डबा काहीच धरलेलं नाही. डीलर १७ हजार म्हणतो ते ओढण्याचं, आणि ते खोटं नाही, ओढेल. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. फिफ्थ व्हील हा प्रकारच पाठीवर बसणारा आहे.

ब्रोशरमध्ये पिन वेट (किंगपिनवर येणारं वजन) म्हणून जो आकडा असतो ना, तो रिकाम्या ट्रेलरचा, बॅटरी नाही, गॅसचे सिलिंडर भरलेले नाहीत. त्या आकड्यावर विसंबून ट्रेलर घेणारे आमच्या कॅम्पग्राउंडला दर सीझनला भेटतात.

डिझेलदादा
मीराताईंच्या हिशोबाबद्दल वाद नाही पण थोडं दुसऱ्या बाजूनेही बोलतो. २५०० चा जीव्हीडब्ल्यूआर १० हजारांवर थांबवतात तो बराचसा कागदोपत्री, कारण १० हजारांच्या वर गेलं की गाडी वरच्या क्लासमध्ये जाते आणि रजिस्ट्रेशन वगैरे सगळंच बदलतं. खरं बघायचं तर मागच्या ॲक्सलचं रेटिंग बघा आणि टायरवर लिहिलेलं बघा. मी कित्येक लोक पाहिलेत जे स्टिकरच्या वर पाचशे पौंड घेऊन निवांत फिरतात, मागच्या स्प्रिंगला हवेच्या एअरबॅग लावल्या की मागचा भाग बसत पण नाही.

मीरा_ओहायो
दादा, एअरबॅगने ट्रक सरळ दिसतो, रेटिंग वाढत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि कागदोपत्री म्हणता तो कागद अपघात झाल्यावर समोरचा वकील वाचतो. ज्याला जायचं त्याने जावं, पण नवीन माणसाला पहिल्याच दिवशी हे सांगू नये असं माझं मत.

डिझेलदादा
मान्य. नवीन माणसाला नको. पण ॲक्सल आणि टायर बघायचे हे मात्र सांगाच, कारण स्टिकरमध्ये बसूनही मागचा ॲक्सल ओव्हरलोड होऊ शकतो, सगळं वजन तिथेच बसतं.

नाना_फ्रिस्को
लहानपणी गावाला बैलगाडी हाकली आहे म्हणून सांगतो. मागे जास्त भरली की गाडी उलाळ व्हायची, बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जायचं, आणि पुढे जास्त भरली की धुरजड, बैलाची मान मोडायची वेळ. इथेही तेच शास्त्र. किंगपिनवर फार कमी वजन आलं की ट्रेलर मागून शेपूट हलवतो, फार जास्त आलं की ट्रक दबतो. म्हणून पिन वेट कमी करायला सगळं सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला कोंबायचं ही आयडिया कुणी सुचवली तर ऐकू नका.

केटीकर_अभि
बापरे. धन्यवाद सगळ्यांना. घरी हे वाचून दाखवलं, बायको म्हणाली बरं झालं विचारलंस. तो ३२ फुटी सोडला. आता २६-२७ फुटी हलक्या सिरीजचे बघतोय, जीव्हीडब्ल्यूआर ८५०० च्या आत. एक प्रश्न, परवा बेड धुताना लक्षात आलं की बेडच्या तळाला पाच झाकणं आहेत, चार कोपऱ्यांत आणि एक मधोमध. हे काय?

डिझेलदादा
लॉटरी लागली की हो तुम्हाला! ही कंपनीची पक सिस्टिम. खाली फ्रेमला क्रॉसमेंबर आधीच बसवलेला आहे, चार भोकांत फिफ्थ व्हील हिचचे पाय बसतात आणि मधल्या भोकात गूजनेक बॉल (ट्रेलर जोडायचा गोळा). म्हणजे ड्रिल नाही, रेल (हिचखाली बेडला आवळायच्या पट्ट्या) नाही, हिच उचलून ठेवायची, हँडल फिरवून लॉक करायची, झालं. हिच घेताना रॅमच्या पकसाठी आहे ना तेवढं बघून घ्या, फोर्ड आणि जीएमच्या पकची मापं वेगळी असतात. बेडमध्ये डाव्या बाजूला सात पिनांचं सॉकेट पण असेल बघा, या पॅकेजबरोबर बहुतेक येतंच. ते वापरा, बंपरच्या सॉकेटला वायर नेली तर ती टेलगेटवरून (बेडच्या मागच्या फळक्यावरून) लोंबते आणि कधीतरी चिमटते.

रस्त्यावरचा_बाळू
आणि ज्यांच्याकडे पक नाही त्यांचं काय? माझा ट्रक जुना आहे.

डिझेलदादा
तुझ्यासाठी लांबड लावतो, चहा घेऊन बस.

माझा २००९ चा सिल्व्हराडो, मेव्हणा आणि मी मिळून घरीच केलं. आधी मॉडेलप्रमाणे बनवलेले फ्रेम ब्रॅकेट घे, युनिव्हर्सल घेऊन फ्रेमला भोकं पाडत बसू नकोस, मॉडेलचे ब्रॅकेट फ्रेमच्या असलेल्या भोकांतच बसतात. स्पेअर टायर खाली उतरवला, एक्झॉस्टच्या वरचं पत्र्याचं कव्हर सोडवलं म्हणजे हात जायला जागा झाली. मग सेंटर काढायचं. चाकाच्या हबच्या मध्यावर ओळंबा सोडून फेंडरच्या कडेवर खूण केली, दुसऱ्या बाजूलाही तशीच, दोन्ही खुणांमध्ये दोरी ताणली, ही झाली ॲक्सलची रेघ. हिचचं सेंटर या रेघेवर किंवा तिच्या दोनेक इंच पुढे, कॅबच्या बाजूला. मागे कधीच नाही, मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगायला लागतं. दोन रेलमध्ये सेंटर ते सेंटर २२ इंच ठेवायचे. ठेवून झाले की दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, सारखे आले तर रेल काटकोनात आहेत, नाहीतर सरकवत बसायचं. ड्रिल मारायला पाच मिनिटं लागतात रे, पण हे मोजायलाच आमची दुपार गेली.

भोक पाडण्याआधी एक जण खाली झोपून टॉर्चने बघतो, बरोबर कुठे ब्रेकची लाइन, कुठे डिझेलची, कुठे वायरिंग. आधी बारीक पायलट भोक, खाली नीट निघतंय ना बघून मग मोठं. उघड्या पडलेल्या पत्र्याच्या कडेला लगेच टचअप पेंट, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात गंज. बेडचा तळ नागमोडी असतो, रेल उंचवट्यावर बसते आणि खाली पोकळी राहते, तिथे किटमधले यू आकाराचे स्पेसर घालायचेच, नाहीतर बोल्ट आवळला की पत्रा चेपतो आणि काही दिवसांनी बोल्ट ढिला. फ्रेमच्या आत जिथे हात जात नाही तिथे बोल्ट कसा घालायचा? किटमध्ये स्प्रिंगसारखी वळलेली तार येते, ती एका भोकातून घालून दुसऱ्यातून बाहेर काढायची, बोल्ट तिला फिरवून लावायचा आणि ओढून आणायचा. पहिल्यांदा हा प्रकार जमला तेव्हा मेव्हण्याने शिट्टी मारली. शेवटी टॉर्क रेंच, अंदाजाने पाना आवळायचा नाही, आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आणि ट्रेलर ओढून पन्नासेक मैल झाले की परत एकदा सगळे बोल्ट तपासायचे.

बेडमध्ये प्लास्टिकचा सुटा लायनर टाकला असेल तर तो रेलच्या खाली ठेवायचा नाही, तेवढा कापायचा. स्प्रे केलेला लायनर चालतो.

रस्त्यावरचा_बाळू
दंडवत दादा. हे प्रिंट काढून गॅरेजमध्ये चिकटवतो.

प्राची_फ्रीमॉन्ट
कॅलिफोर्नियावाल्यांसाठी अवांतर पण महत्त्वाचं, इथे १०००० च्या वरचा फिफ्थ व्हील ओढायला साध्या लायसन्सवर वेगळा शेरा लागतो, आणि १५००० च्या वर गेलात तर नॉन कमर्शियल क्लास ए. बाकी राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, आपापलं बघा.

अभि, हिचबद्दल, तुमचं पेलोड इतकं काठावर आहे तर अँडरसनची ॲल्युमिनियमची बघा. चाळीसेक पौंड वजन, मी एकटी बेडमध्ये ठेवते आणि काढते. ती मधल्या गूजनेक बॉलवर बसते, तुमच्याकडे भोक आहेच. वर किंगपिन पकडणाऱ्या जबड्याऐवजी बॉल असतो आणि ट्रेलरच्या किंगपिनला एक कपलर कायमचा आवळून टाकायचा. आमच्या आधीच्या स्टीलच्या हिचला दोन माणसं आणि भरपूर शिव्या लागायच्या.

डिझेलदादा
अँडरसनबद्दल माझं मन काही होत नाही. इतकी काटकुळी वस्तू बघून विश्वास बसत नाही, आणि जबडा बंद झाल्याचा तो खण्ण आवाज आला की मला झोप लागते. मी बी अँड डब्ल्यूची कंपॅनियनच सांगेन.

प्राची_फ्रीमॉन्ट
दादा, दिसण्यावर जाऊ नका, रेटिंग २० हजारांच्या वर आहे. पण एक गोष्ट खरी, ट्रेलर आणि पिन बॉक्स बनवणाऱ्याकडून ही हिच चालेल असं लेखी घ्या, वॉरंटीचा प्रश्न येतो. आणि कपलरचे स्क्रू मधूनमधून तपासायचे.

मीरा_ओहायो
एरवी मीही जबड्यावाल्या हिचच्या बाजूने आहे. पण अभिच्या केसमध्ये दीडशे पौंड वाचतात म्हणजे एक माणूस वाचतो. इथे अँडरसनला माझं +१.

स्लायडरचं राहिलं. साडेपाच फुटी बेड असेल तर स्लायडर जवळपास लागतोच, ६-४ ला बहुतेक वेळा भागतं, कारण हल्लीच्या ट्रेलरची नाकं कोपऱ्यात गोलवलेली असतात. तरी माप घ्या. किंगपिनपासून ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत किती आणि हिचच्या सेंटरपासून कॅबच्या मागच्या काचेपर्यंत किती. ट्रेलर साडेआठ फूट रुंद असेल तर नुसती अर्धी रुंदीच ५१ इंच होते. पहिल्या दिवशी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये एक जण बाहेर उभा करून मुंगीच्या पावलाने दोन्हीकडे वळवून बघा, कोपरा कॅबपासून चार बोटांवर आला की तोच तुमचा शेवट, तो कोन डोळ्यांत बसवून घ्या. आणि खालचं अंतरही बघा, ट्रेलरचा पुढचा भाग आणि बेडची कड यात सहा इंच हवेत, कारण ड्राइव्हवेच्या खड्ड्यात ट्रक एका बाजूला कलतो तेव्हा ती कड वर येते. पण हे सहा इंच मिळवायला हिच उंच करत गेलात तर ट्रेलर नाक वर करून चालतो आणि मागच्या ॲक्सलवर जास्त भार येतो, तिथे तडजोड करावी लागते. आजकालचे फोर बाय फोर इतके उंच आहेत की हा त्रास सगळ्यांनाच आहे.

उरणकर_ट्रेलरवाला
मी इकडचाच, उरणचा, अमेरिकेत कधी आलो नाही पण धागा बघून राहवलं नाही. आमचा कंटेनर ओढायचा धंदा आहे, न्हावाशेवा पोर्टातून माल काढतो. तुमचं ते पिकअपमधलं म्हणजे आमच्या घोड्याच्या (कंटेनरचा ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या) मागचंच बारकं पिल्लू, तीच प्लेट, तोच जबडा, पिन पण तीच दोन इंची. आमच्याकडे ड्रायव्हरला पहिली शिकवण ही की आवाज आला म्हणून लागला असं समजायचं नाय. खाली उतरायचं, टॉर्च मारून बघायचं, प्लेट आणि ट्रेलरच्या मधी फट दिसली की पिन वरच्यावर बसलीय, जबडा पिनच्या मानेला धरलेलाच नाय, खालच्या टोकाला अडकलाय. असा घोडा गेटपर्यंत जातो पण, आणि पहिल्या खड्ड्यात ट्रेलर जमिनीवर. मी पाहिलंय डोळ्यांनी. प्लेटला ग्रीस लावता की नाय?

मीरा_ओहायो
उरणकर, लाख बोललात. इथेही सगळ्यात जास्त वाट याच गोष्टीने लागते, ट्रेलर पडतो तो सरळ बेडच्या दोन्ही कडांवर, ट्रकचे दोन्ही फेंडर आत. ग्रीस काही जण लावतात, बाकीचे किंगपिनवर प्लास्टिकची गोल चकती घालतात, म्हणजे कपडे काळे होत नाहीत.

अभि, जोडायचा क्रम लिहून ठेवा, तुमच्या हिचला थोडा वेगळा असेल पण गाभा हाच. ट्रेलरच्या चाकांना चॉक (अडवायचे ठोकळे). टेलगेट खाली, हे रिव्हर्स घेण्याआधी, नंतर नाही. ट्रेलर इतक्या उंचीवर ठेवायचा की आत शिरताना हिचची प्लेट त्याला अर्धा इंच वर ढकलेल, जरा खालीच बरा. आत गेलं, खण्ण झालं, की उतरून उरणकरांसारखं टॉर्चने बघायचं, हँडलला पिन घालायची, सात पिनांची वायर लावायची, ब्रेकअवेची केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) ट्रकला अडकवायची, हिचच्या हँडलला नाही, हिच सुटली तर केबल पण तिच्याबरोबर जाईल मग उपयोग काय. आणि आता खरी परीक्षा, ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीपासून जेमतेम सुटलेले ठेवायचे, ट्रेलरचा ब्रेक आतून हाताने दाबायचा आणि ट्रक पुढे हलका ओढून बघायचा. धरलं तर पाय पूर्ण वर. नाही धरलं तर ट्रेलर दोन इंचच खाली येईल, तुमच्या बेडवर नाही. या सगळ्यात कुणी गप्पा मारायला आलं तर हात जोडून सांगायचं, पाच मिनिटांनी या. चुका होतात त्या मधेच बोलताना.

केटीकर_अभि
अपडेट देतो मंडळी. २७ फुटी घेतला, जीव्हीडब्ल्यूआर ८४००. अँडरसन घेतली, ट्रेलर कंपनीकडून ईमेलवर होकार आला. बसवायला खरंच काही नव्हतं, मधल्या भोकात बॉल टाकला आणि हिच त्यावर आवळली, मोठ्या मुलाने रेंच धरला, त्यालाच जास्त आनंद. ब्रेक कंट्रोलर ट्रकमध्येच आहे, मोकळ्या रस्त्यावर ताशी वीसपंचवीस मैलावर गेन (ट्रेलरचा ब्रेक किती जोरात लागावा ते) कमीजास्त करून बघितला, चाकं लॉक होणार नाहीत इतपत ठेवला.

मग मीराताईंचा धसका म्हणून सगळं सामान भरून, घरच्यांना बसवून, टाकी फुल करून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रक तोलायच्या काट्यावर) गेलो. आकडे असे. ट्रेलरसकट पुढचा ॲक्सल ५०००, मागचा ४९८०, ट्रेलरचे ॲक्सल ६२४०. ट्रेलर सोडून परत तोललं तर पुढचा ४९८०, मागचा ३४६०.

डिझेलदादा
वा! म्हणजे ९९८० वजा ८४४०, पिनवर १५४०. ट्रेलर एकूण ७७८०. वीस टक्क्याला अगदी किंचित कमी. पुस्तकात घालावं असं आलंय. आणि पुढचा ॲक्सल बघा, २० पौंड वाढलाच, कमी झाला नाही. बंपरला लावला असता तर पुढचा हलका झाला असता. पिन ॲक्सलच्या किंचित पुढे बसली आहे याचा हा पुरावा.

मीरा_ओहायो
छान. पण ९९८०, आणि दारावर जीव्हीडब्ल्यूआर १० हजार. वीस पौंड शिल्लक! वाटेत एक कलिंगड घेतलंत की संपलं.

केटीकर_अभि
हो ना :( आणि खरी अडचण पुढेच आहे. जूनमध्ये आईबाबा येतायत साताऱ्याहून, दोघं मिळून पावणेतीनशे पौंड धरा. कॅबमध्ये सहा सीट आहेत पण वजनात बसत नाही. बाबा म्हणतात आम्ही मागे ट्रेलरमध्ये सोफ्यावर बसू, खिडकीतून बघत येऊ, आई तर तिथे पोहे करायच्या गोष्टी करतेय.

प्राची_फ्रीमॉन्ट
नको नको. काही राज्यांत फिफ्थ व्हीलमध्ये बसायला अटींवर परवानगी आहे, बऱ्याच ठिकाणी अजिबात नाही, पण कायदा बाजूला ठेवा, त्या सोफ्याला बेल्ट नसतो आणि भिंती पातळ लाकडाच्या. शिवाय चालत्या गाडीत गॅस बंदच ठेवायचा.

मीरा_ओहायो
दुसरी गाडी न्या ना सोबत. वहिनी, आईबाबा आणि एक नातू तिच्यात, तुम्ही आणि दुसरा ट्रकमध्ये. म्हणजे ट्रकमधली पण दोन माणसं कमी झाली, दोनशेच्या वर पौंड मोकळे. आणि पिण्यावापरायच्या पाण्याची टाकी भरून तोललं होतं का? गॅलनला आठ पौंडांच्या वर वजन असतं. टाकी ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे असेल तर तो भार बराचसा पिनवर येतो.

केटीकर_अभि
भरूनच तोललं, ४० गॅलन. टाकी पुढेच आहे, पायऱ्यांच्या खाली.

मीरा_ओहायो
मग ती रिकामी न्या आणि पार्कात पोचल्यावर भरा. वाटेत चहापुरतं कॅनमध्ये ठेवा. आणि पोहे टेबलावर बसून खायला मिळतील, बाबांना सांगा.